उलट टपाल

सिनेमातला महावीर आकाशात उडो नाहीतर काळाच्या पोटात शिरो, प्रेक्षक खुर्चीतून उठताना एकच विचारतो, "बरं, मग शेवटी झालं काय?" दिग्दर्शक ओजस निंबाळकरचा 'मेघनील' नेमका याच प्रश्नाला अडखळला होता.

सिनेमा अजून पडद्यावर यायचा होता. लोकांना कसा वाटतो ते अजमावायला पुण्यात एक खेळ ठेवला होता. वीज अंगावर झेलणारा मेघनील धरण फुटून वाहून गेलेल्या बहिणीसाठी काळात मागे जातो, तिला पुरातून उचलून काठावर ठेवतो, तोवर शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं. मग तो आपल्या काळात परततो, घरात येतो, तर भिंतीवर बहिणीच्या तसबिरीला हार तसाच. ती वाचली ती काळाच्या दुसऱ्या फाट्यावर. याच्या घरात ती नाहीच. शिट्ट्या विझल्या. बाहेर पडताना एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "एवढा आटापिटा करून गेला कशाला मग? घरी बसून चहा प्यायला असता."

निर्मात्यांनी ओजसला बजावलं, "शेवट बदल. बहीण जिवंत दाखव." ओजस म्हणाला, "विज्ञान तसं सांगत नाही." निर्माते म्हणाले, "विज्ञान तिकीट काढत नाही." शेवटी ठरलं ते एवढंच, की ओजसने महिन्याभरात हा शेवट लोकांच्या गळी उतरवून दाखवावा, नाहीतर बहीण जिवंत करावी.

ओजस मूळचा वाईचा. लहानपणी आईबरोबर देवळात कीर्तनाला जाऊन बसायचा. त्याला आठवलं, की तिथे वृंदाताई गोसावी अवघडातलं अवघड ब्रह्मज्ञान भुईमुगाच्या शेंगेसारखं सोलून लोकांच्या तळहातावर ठेवायच्या. कपाळावर बुक्का लावलेला पेन्शनर आणि मांडीवर पोर घेतलेली भाजीवाली दोघेही एकाच वेळी मान डोलवायचे. त्याने गाडी काढली आणि थेट वाई गाठली.

वृंदाताई आता साठीच्या घरात आल्या होत्या. आवाज मात्र अजून खणखणीत. ओजस आला तेव्हा त्या साकी वृत्तातल्या एका पदाची चाल बसवत होत्या आणि त्यांचे यजमान श्रीरंग साथीला होते. श्रीरंगांनी उभा जन्म बायकोच्या कीर्तनाला पेटीची साथ केली. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण उजव्या हाताची बोटं रुसली ती रुसलीच. हातपेटीला एक हात भात्याला लागतो आणि दुसरा सुरांना. श्रीरंगांनी मग मिरजेहून एका बंद पडलेल्या नाटक कंपनीची पायपेटी आणवली. पायाने भाता मारायचा, डाव्या हाताने सूर धरायचे, असा नवा संसार त्यांनी मांडला. पहिले सहा महिने पेटी रडली, शेजारीही रडले. आता तिचा घनगंभीर आवाज ऐकायला लोक मुद्दाम पुढे बसतात.

"ताई, माझ्या सिनेमात एक कीर्तन करायचंय तुम्हाला," ओजस म्हणाला.

"देवळाचा प्रसंग आहे का?"

"देऊळ आहे, पण विषय काळाचा. माणूस मागे गेला तर नक्की काय होतं, ते लोकांना पटवायचंय. आम्ही तक्ते काढले, बाण काढले. सगळं डोक्यावरून गेलं."

"घ्या बुवा," श्रीरंग पेटीवरूनच म्हणाले. बायकोला चारचौघांत 'बुवा' म्हणण्याची त्यांची जुनी खोड. "आजवर देव समजावलात, आता सिनेमावाल्यांची घोडचूक समजावा."

"घोडचूक नाही हो काका, खरं विज्ञान आहे. उलट टपालाचंच तत्त्व आहे."

"अरे, पण मला पटल्याशिवाय मी उभी राहून सांगायची नाही," वृंदाताई म्हणाल्या. "देवापुढे उभं राहून उसनं बोलता येत नाही. तुझा कोणी शास्त्रज्ञ असेल तर घेऊन ये."

उलट टपाल ऐकून माहीत नाही असा माणूस एव्हाना उरला नव्हता. पण ते वापरलंय असा माणूस मात्र शोधावा लागला असता. सहा वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या टेकडीवर ते यंत्र सुरू झालं तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! आज लिहिलेली ओळ गेल्या वर्षी पोचते म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात टेकडीखाली जत्रा भरली. मग लोकांना कळलं, की ओळ पोचते खरी, पण आपल्या हाती काही पडत नाही. जत्रा पांगली. आता तिथल्या खिडकीवरचा कारकून दुपारी निवांत डबा खात बसे.

दुसऱ्या दिवशी ओजस डॉक्टर मृण्मयी शिर्केला घेऊन आला. ती त्या टेकडीवरच्या संस्थेत काम करायची आणि सिनेमाला सल्ला द्यायची. पोरगी हुशार, आणि मुख्य म्हणजे हुशारीचा ताठा नसलेली. श्रीरंग व्यायामाला गेले होते. वृंदाताईंनी तिच्यापुढे थालीपीठ ठेवलं आणि म्हणाल्या, "हं, सांग आता. मी बारावीला भौतिकशास्त्रात जेमतेम पास झालेली आहे, हे धरून सांग."

मृण्मयी हसली. "ताई, फोन जिथे असेल तिथेच वाजणार ना? तसंच हे, घ्यायला यंत्र असेल तेवढ्याच दिवसांत ओळ पोचते. आमच्या यंत्रात प्रकाशाच्या कणांच्या जोड्या आहेत. जोडीतला एक कण सहा वर्षं एका अतिथंड, वर्तुळाकार कड्यात फिरत ठेवलाय. त्याच्या जोडीदाराला आपण आज हात लावला, की त्याची खूण त्या फिरणाऱ्या कणाच्या मागच्या दिवसांवर उमटते. म्हणजे वाचलं जातं आधी, लिहिलं जातं नंतर. पण यंत्र सुरू झालं त्या दिवसाच्या पलीकडे काही जात नाही. पेशव्यांना सावध करायला आता उशीर झाला."

"आणि जातं काय काय? माणूस?"

"माणूस फक्त ओजसच्या सिनेमात जातो. खरं तर एक ओळ जाते. मोजकी अक्षरं. जोड्या फार थोड्या आहेत, म्हणून माणशी एकच ओळ, तीही जन्मात एकदाच. ज्याच्याविषयी ओळ आहे त्याची संमती लागते."

"बरं. ती ओळ पोचली की काय होतं?"

"त्या क्षणापासून तिथला काळ आपल्यापासून फुटतो. त्याच्या आधीचं सगळं दोघांचं सामाईक, नंतरचं वेगळं. तिकडची माणसं ओळ वाचून वेगळं वागतात, त्यांचं आयुष्य वेगळ्या वाटेने जातं. आपलं मात्र काहीच बदलत नाही, पुसलंही जात नाही. इथेच लोक अडतात."

वृंदाताईंनी तव्यावरचं थालीपीठ उलटलं आणि म्हणाल्या, "विरजण."

"काय?"

"अगं, आपल्या पातेल्यातलं दही लागून गेलंय. त्यातलं चमचाभर काढून शेजारणीच्या दुधात घातलं. तिचं दूध आता आपल्या दह्याच्या गुणाने लागणार. आपल्या पातेल्यात काय फरक पडला? काही नाही. आपलं दही आंबट असेल तर आंबटच राहणार. फक्त हे शेजारीण म्हणजे आपण स्वतःच, मागच्या सालातल्या."

मृण्मयी थालीपीठ खायची थांबली. "ताई, हे मी माझ्या व्याख्यानात वापरू?"

"वापर की. विरजण मागायला आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही." मग त्यांनी मनात आलेला प्रश्न विचारला. "पण हे फाटे खरंच आहेत कशावरून? आमच्या पातेल्यात कोणी कधी विरजण घातलंय का?"

"घातलंय ना! तोच तर पुरावा. आमच्या यंत्रावर कधी कधी अशा ओळी येतात, की ज्या आपल्याकडे कोणी पाठवलेल्याच नसतात. पुढेही पाठवत नाही, कारण पाठवायची वेळच येत नाही. फार थोड्या येतात. तिकडची माणसंही आपल्यासारखीच, 'माझा काय फायदा' म्हणून घरी बसणारी. पण तुमच्याच भागातली एक सांगते. दोन वर्षांपूर्वीची, पसरणीच्या घाटाची. 'आज संध्याकाळी घाट बंद ठेवा, दरड येणार, गाड्या दरडीखाली जातील.' आम्ही पोलिसांना कळवलं, घाट बंद झाला. दरड आली ती रिकाम्या रस्त्यावर."

वृंदाताईंच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

त्या संध्याकाळी पाचगणीहून कीर्तन करून त्या आणि श्रीरंग खाली येत होते. घाटाच्या तोंडाशी पोलिसांनी अडवलं. सगळे प्रवासी एका शाळेत बसून राहिले. पहाटेपर्यंत श्रीरंग पोलीस खात्याचा उद्धार करत होते. दरड पडली हे दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा वाटलं, देवाची कृपा. ती कृपा कोणाच्या हातून आली, हे आज कळत होतं.

"पाठवली कोणी होती ती ओळ?"

"नाव येत नाही, ताई. तिकडच्या कोणीतरी. ज्यांच्याकडे गाड्या दरडीखाली गेल्या, त्यांच्यातल्या कोणीतरी."

वृंदाताईंनी डोळे मिटून हात जोडले. मृण्मयीला वाटलं, देवाला जोडले. तसे ते होतेही, पण नुसते देवाला नव्हते.

संध्याकाळी श्रीरंग पायपेटीला तेलपाणी करत बसले असताना वृंदाताईंनी विषय काढला. घाटाचं मात्र बोलल्या नाहीत. आख्यान आधी फोडायचं नाही, ही कीर्तनकाराची खोड अंगात मुरलेली.

"अहो, आपणही एक ओळ पाठवूया का? त्या उत्सवाच्या दिवशीची."

कोणता उत्सव ते विचारायची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी उत्सवाचं कीर्तन ऐन रंगात आलेलं. आख्यानातला भक्त उकळत्या कढईच्या काठावर उभा, राजाने 'टाका याला' म्हणून हुकूम सोडलेला, आणि श्रीरंगांची बोटं सुरावरून घसरली. वृंदाताईंनी वळून पाहिलं. श्रीरंगांनी मानेनेच खुणावलं, चालू द्या. उजवा हात मांडीवर टाकून डाव्याने कसाबसा सूर धरून ठेवला. भक्ताला संकटात सोडून आख्यान थांबवायचं नाही, हा दंडक. वेळ संपो, पाऊस येवो, दिवे जावोत, देव येऊन भक्त सुटला पाहिजे. तोवर कीर्तनकार खाली बसत नाही आणि साथीदार उठत नाही. देव आला, भक्त तरला, आरती लागली. आरतीला उठायला गेलेले श्रीरंग तिथेच कलंडले. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणलं असतं तर इंजेक्शनने हात वाचला असता. दोघांनी एकमेकांना त्यावरून कधी बोल लावला नाही. भक्ताला कढईवर टांगून कोण उठेल, याबद्दल दोघांचं एकमतच होतं.

श्रीरंगांनी तेलाची कुपी खाली ठेवली. "आणि मी? पुसला जाईन ना इथून? जुन्या सिनेमात फोटोतली माणसं फिकी होत जातात तसा?"

"नाही हो. ते सिनेमातलं. इथलं सगळं इथेच राहतं. मृण्मयीने नीट सांगितलंय."

"म्हणजे त्याला दोन हात आणि मला एकच?"

"कोणाला त्याला?"

"त्या तिकडच्याला. तो लेकाचा दोन्ही हातांनी पेटी वाजवणार, पानाला चुना लावणार, सदऱ्याची बटणं स्वतः लावणार. आणि मी इथून त्याची सोय करायची? मला काय मिळणार?"

"अहो, तो म्हणजे तुम्हीच!"

"मग माझा हात का हलत नाही?"

वृंदाताईंना हसू आलं, पण श्रीरंग हसत नव्हते. ते हळू आवाजात म्हणाले, "वृंदा, मी या पेटीवर तीन वर्षं घातली. मला माझं बरं चाललंय असं वाटायला लागलंय. आता ती ओळ पाठवली म्हणजे काय झालं? आपणच मान्य केलं, की खरा श्रीरंग तो, आणि हा इथला नासलेला, उरलासुरला. मी नाही सही करणार."

'बुवा' सोडून 'वृंदा' म्हणाले, म्हणजे लागलं होतं. संमती नसेल तर ओळ जाणार नाही. आणि समजा गेली असती, तरी श्रीरंगांच्या संमतीवाचून वृंदाताईंना ती पाठवायची नव्हती. पण चित्रीकरण चार दिवसांवर आलं होतं. देऊन रिकामं होण्यात सुख आहे, असं शेकडो लोकांपुढे सांगायचं आणि आपल्याच घरात ते पटवता आलेलं नाही, ही टोचणी घेऊन त्या उभ्या राहणार होत्या.

नदीच्या घाटावरच्या देवळात ओजसने झकास मांडव घातला होता. श्रोते म्हणून वाईतलीच माणसं बोलावली होती. सिनेमावाल्यांनी त्यांना 'नैसर्गिक बसा' म्हणून सांगितल्यामुळे सगळी ताठ बसली होती. वृंदाताई नऊवारी नेसून, उपरणं घेऊन उभ्या राहिल्या. मागे तबला, शेजारी श्रीरंग पायपेटीवर. ओजसने बजावलं, "ताई, पूर्वरंगात काळाचं तत्त्व. मग मेघनीलची गोष्ट, बहीण वाहून जाते तिथवर. तिथे मी कट म्हणेन. पुढचं उद्या."

"बघू," वृंदाताई म्हणाल्या.

पूर्वरंगात त्यांनी विरजण लावलं. पातेली, शेजारीण, चमचा, सगळं आलं. 'शेजारीण आपली आपणच' म्हटल्यावर बायका खुदकन हसल्या, ताठ बसलेली माणसं सैल झाली. काळ म्हणजे कणकेचा एकच गोळा नव्हे, त्याला फाटे फुटतात, हे तक्त्याशिवाय, बाणाशिवाय लोकांच्या गळी उतरलं. नामाचा गजर झाला, बुक्का लागला, गळ्यात हार पडला. आख्यानाच्या उत्तररंगाला उभ्या राहिल्या आणि वृंदाताईंनी चिपळ्या क्षणभर थांबवल्या.

"मेघनीलची गोष्ट तुम्ही पडद्यावर बघालच," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला आपल्या घाटाची गोष्ट सांगते."

ओजसने कॅमेऱ्यामागून हात हलवले. वृंदाताईंनी तिकडे पाहिलंच नाही.

"तिकडची, दुसऱ्या फाट्यावरची एक बाई. नाव मला माहीत नाही, आपण तिला माउली म्हणू. तिकडे घाट बंद झाला नाही. तिकडे कोणी सावध केलंच नाही. आषाढातली संध्याकाळ, धुकं पडलेलं, गाड्या एकामागून एक उतरताहेत. त्यातल्या एका गाडीत तिचं माणूस. आणि डोंगर सुटला, मंडळी! झाडासकट, दगडासकट..."

श्रीरंगांच्या पायपेटीने खालचा षड्ज धरला होता. तो आता थरथरू लागला.

"कट!" ओजस ओरडला. हे सगळं त्याच्या कागदात नव्हतंच, पण संकटाचा प्रसंग आला एवढं त्याला कळलं होतं.

वृंदाताई वळल्या आणि चिपळ्यांच्या तालातच म्हणाल्या, "बाळा, माणसं दरडीखाली आहेत. आत्ता थांबता येत नाही." मांडव हसला. ओजसने कपाळावर हात मारला आणि कॅमेरावाल्याला खूण केली, चालू ठेव.

"तर ती माउली महिन्याभराने टेकडीवरच्या खिडकीपाशी गेली. कारकून म्हणाला, बाई, तुमचा माणूस परत यायचा नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे. तुमच्या घरात काही बदलायचं नाही. ठाऊक आहे. तुम्हाला कोणी आभार मानायला यायचं नाही, ओळ पोचली की नाही हेही कधी कळायचं नाही. ती म्हणाली, भाऊ, ते सगळं ठाऊक आहे. तू लिहून घे, घाट बंद ठेवा! कारकुनाने विचारलं, मग कशासाठी? तर म्हणाली, माझा आला नाही. कोणाचा तरी घरी येईल."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा हळूहळू सरळ होत होता.

"आणि इकडे," वृंदाताईंचा आवाज वर चढला, "इकडे त्याच संध्याकाळी घाटाच्या तोंडाशी आमची गाडी अडवली. मी होते. आमचे हे होते. आमच्या मागे पुढे तुमच्यातले किती जण होते! आपण चिडलो, पोलिसांना नावं ठेवली, शाळेच्या गार फरशीवर रात्र काढली. मंडळी, आख्यानात देव येतो तो शंख-चक्र घेऊन येतो. त्या दिवशी देव आला तो रेनकोट घालून आला, हातात टॉर्च घेऊन आला आणि म्हणाला, गाडी मागे घ्या!"

"मीही होतो तिथे!" पुढचा म्हातारा उठून ओरडला. मागून एक बाई म्हणाली, "आमचा टेम्पो होता." कोणीतरी गजर सुरू केला आणि सगळ्या मांडवाने तो टाळ्यांच्या तालावर उचलून धरला. नैसर्गिक बसलेल्या माणसांना आता खाली बसवणं अवघड होतं.

पायपेटी मात्र थांबली होती. श्रीरंगांचा डावा हात पट्ट्यांवर नुसता टेकलेला होता, आणि ते बायकोकडे आज पहिल्यांदाच बघत असल्यासारखे बघत होते. मग त्यांनी पाय पुन्हा मारला आणि गजराला असा काही सूर दिला, की तबलजीने मान झटकून दाद दिली.

ओजसने तो प्रसंग निर्मात्यांना दाखवला. त्यांनी एकदा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि म्हणाले, "कीर्तन थोडं लांबतंय." शेवट बदलायचं मात्र नाव काढलं नाही.

कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ओतताना श्रीरंग म्हणाले, "मी तिला उरलीसुरली म्हणू शकत नाही."

"कोणाला?"

"तुमच्या त्या माउलीला. सगळं गेलं होतं तिचं. तरी देणारी तीच होती आणि घेणारे आपण, गाडीत बसून शिव्या देणारे. मी उगाच त्या तिकडच्याचा हेवा करत बसलो. देण्याजोगं काही ज्याच्यापाशी आहे, तो नासलेला कसा?" मग बशी सरकवत म्हणाले, "चला बुवा, कागद घ्या. ओळ लिहू."

आणि खरी पंचाईत तिथून सुरू झाली. त्या दिवशीच्या वृंदाताईंच्या फोनवर सकाळी पोचेल अशी एकच ओळ होती, आणि ती वाचणारी माणसं कशी होती ते दोघांना नको इतकं ठाऊक होतं.

"'आज कीर्तन करू नका,'" वृंदाताईंनी लिहिलं.

"उत्सवाचं कीर्तन तू सोडशील?"

"नाही." त्यांनी खोडलं. "'सकाळीच दवाखान्यात जा.'"

"सकाळी मला काही झालेलं नव्हतं. डॉक्टर रक्तदाब बघून घरी पाठवतील. मी वर म्हणेन, बघ, उगाच घाबरवलंस."

"बरं. 'श्रीरंगचा हात सुन्न पडला तर त्याने लगेच उठावं.'"

"तो उठणार नाही."

"कसा उठणार नाही? लिहिलंय ना!"

"मी ओळखतो ना त्याला! महाहट्टी माणूस. भक्त कढईवर उभा असताना तो मरेल पण उठायचा नाही."

"मग मलाच लिहिते, कीर्तन थांबव."

"आणि तू थांबवशील? भक्ताला कढईवर ठेवून?"

वृंदाताईंनी ती ओळ लिहिण्याआधीच पेन खाली ठेवलं. मेघनीलसाठी ओजसला धरण फुटणं, वीज कोसळणं, सगळं सुचलं होतं. दोन हट्टी माणसांना एका ओळीत कसं वळवायचं, हे कोणत्या महावीराला सुचलं असतं? चहा निवला.

मग वृंदाताईंच्या मनात आलं, की दंडक काय आहे? भक्ताला संकटात सोडायचं नाही. पण देवाने किती वेळाने यायचं, हे कुठे ठरलंय? ते तर आपल्या हातात असतं. रंग चढावा म्हणून आपणच देवाला वाटेत थांबवतो, एक पद आणखी म्हणतो, राजाला आणखी चार शब्द बोलायला लावतो.

त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: आज श्रीरंगचं बोट सुरावरून घसरलं की त्याच क्षणी देवाला आण, आरती उरक आणि दवाखाना गाठ.

श्रीरंगांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. "हे ती ऐकेल," ते म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी सही केली. सही वाकडी आली, पण आली.

टेकडीवरच्या कारकुनाने डबा बाजूला सारला आणि कागद हातात घेतला. नियमाप्रमाणे त्याला विचारावंच लागे, म्हणून त्याने विचारलं, "काका, तुमच्या हाताला याचा काही उपयोग होणार नाही, हे समजलंय ना?"

"समजलंय हो. आमच्या बुवांनी विरजण लावून समजावलंय."

कारकुनाला काही कळलं नाही. त्याने ओळ टंकली, एक बटण दाबलं. कुठे वीज चमकली नाही की घंटा वाजली नाही. श्रीरंगांनी सवयीने उजव्या हाताची बोटं हलवून पाहिली. ती तशीच होती. त्यांनी खांदे उडवले आणि हसले.

बाहेर टपरीवर दोघांनी चहा घेतला. खाली पुणं पसरलं होतं, ऊन कोवळं होतं.

"तिकडे आता सकाळ झाली असेल उत्सवाची," श्रीरंग म्हणाले. "तू पोहे करत असशील. फोन वाजला असेल. वाचून तुझे डोळे फिरले असतील."

"आणि तुम्ही पेटी पुसत असाल. काही पत्ता नसेल."

"पण एक आहे हं बुवा. तिकडची माणसं तुम्हाला नावं ठेवणार. म्हणतील, वृंदाताईंनी आज आख्यान गुंडाळलं. राजाने 'टाका' म्हणायचा अवकाश, आला लगेच देव! रंगच चढू दिला नाही."

"म्हणेनात का," वृंदाताई म्हणाल्या. "भक्त तरला ना?"

"एक कुठला," श्रीरंग म्हणाले, आणि त्यांनी टपरीवाल्याला हाक मारून आणखी दोन चहा सांगितले. "दोन तरले."